दहा लाख एकची पानं

दहा लाख एक ही मूळ संख्या आहे, असं मी एकतीस वर्षं नाशिकच्या एका शाळेत ठासून शिकवलं. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सात, अकरा, तेरा, कश्शाने म्हणून जात नाही! त्यापुढे भागून बघायची मला कधी गरज वाटली नाही. मी मूळ म्हटल्यावर संख्येची काय बिशाद?

निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या नामजप मंडळाची वर्दळ सुरू झाली. तीस बायका वहीत देवाचं नाव लिहिणार होत्या. किती नावांचा संकल्प सोडावा, हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मला असल्या प्रकारांचा भारी तिटकारा. म्हटलं, जिरवू जरा यांची. "दहा लाख एक लिहा," मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. पानावर किती का नावं लिहीनात, शेवटचं पान अर्धवटच राहणार होतं. मग सांगतेच्या दिवशी मूळ संख्येवर भाषण ठोकायचं, हेही मी ठरवून टाकलं.

वह्या आखायचं काम देवळाली कॅम्पहून बसने येणाऱ्या एका जवानाच्या बायकोने घेतलं. ती फारशी बोलायची नाही. एका पानावर एकशे एक नावं, असं तिनेच ठरवलं. "बरोबर आहे, शंभरावर एक हवंच," बायको म्हणाली. मी मिशीत हसलो. रोज प्रत्येकीचं एक पान, असं करत त्यांनी अकरा महिने लिहिलं.

सांगतेच्या सकाळी बायको पानं मोजून आली. "नऊ हजार नऊशे एक! शेवटचं पानसुद्धा पूर्ण भरलं हो."

"शक्यच नाही! कुणीतरी घोळ घातलाय."

"मग गुणून बघा की."

गुणलं. तीनदा गुणलं. दर वेळी दहा लाख एक. माझी कानशिलं तापली. भाषणाचा कागद मी टराटरा फाडला.

संध्याकाळी गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागणार होता? पण हातात माईक आल्यावर थाप मारवेना. सांगून टाकलं, मी चुकलो, एकतीस वर्षं चुकलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "सरांचं मन किती मोठं!" कुणीतरी म्हणालं. आणि लाज वाटायची सोडून, काय सांगू, माझी छाती चांगली फुगली!

प्रसाद वाटताना ती वह्या आखणारी माझ्याजवळ आली.

"सर, मी तुमच्याच वर्गात होते. दहावीच्या चाचणीत मी हेच लिहिलं होतं. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. तुम्ही फुली मारली होती."

मला आठवेना. खरंच आठवेना. "अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना मला!"

"सांगितलं होतं सर. तुम्ही म्हणालात, बस खाली." तिने शिऱ्याचा द्रोण माझ्या हातात ठेवला. "मग मी आर्ट्सला गेले. म्हटलं, गणित काही आपल्याला जमत नाही."