सहा कोनी गोटी

हसणार नसाल तरच सांगतो बरं का! त्या दिवसापासून मी पान्याला हात लावला की बायको तोंडाला पदर लावती.

तर मी घेतला नट-बोल्ट खोलायचा गोटी पान्याचा सेट. लाल डबा, एकेका खाचेत चमकायलेल्या गोट्या, आन् कर्रकर्र वाजणारा दांडा! मी परभणीत ऑफिसातला कारकून, आयुष्यात पेन सोडून काही फिरवलं न्हाई. पण चार व्हिडिओ बघितले आन् झालो की उस्ताद! पैल्याच दिवशी मोटरसायकलची बॅटरी काढली, पुसली, बसवली. तिला कायबी झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताडकळसहून आमचे इवाई आले. म्हंजे माझ्या लेकीचे सासरे. ट्रॅक्टरचं काम निघालं म्हणून सेट मागायलेत. लेकीच्या सासऱ्याला न्हाई म्हणायची कुणाची टाप हाय? दिला. पण आधी तासभर व्याख्यान दिलं!

"इवाई, पूर्वी एका नटाला एक पाना असायचा, दांड्यासकट. मग कुणा डोकेबाजानं दांडा वेगळा केला, गोटी वेगळी. भिंतीवरच्या घड्याळाला द्यायची चावी आठवती का? ती ह्या गोटीची आजी!"

"असं का," म्हणत इवायांनी डब्याकडं हात केला.

"थांबा! ही उंच गोटी, लांब बोल्टाची. ही प्लगची, आत रबर हाय. आन् आपल्या सगळ्या आतून सहा कोनी बरं का! बारा कोनी पटकन बसती, पण जोर लावला की नटाचे कोपरे खाती."

"जाऊ का मी? मजूर थांबलेत."

चार दिवसांनी सेट परत आला, पुसून, तेल लावून. मी डबा उघडला, तर दहा नंबरची खाच रिकामी!

विचारावं तर इवाई! न विचारावं तर झोप येईना. मग मी अक्कल चालवली. रिकाम्या खाचेचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला आन् खाली लिहिलं, 'कुणीतरी कमी आहे.'

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन. "पप्पा, हे काय केलंत तुमी? मामंजी चाळणी घेऊन ट्रॅक्टरखालची माती चाळायलेत! म्हणायलेत, दहा नंबर आपण वापरलीच न्हाई, पण इवायाला खोटं कसं पाडू?"

मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? म्हणलं, चाळू दे की!

त्यात माझी गाडीबी बिघडलेली. खड्डा आला की खडखड! मी चेन आवळली, सायलेन्सर आवळला, दिसंल ते आवळलं. आवाज काही जाईना.

रविवारी इवाई स्वतः दारात. खिशातून कागदाची पुडी काढली, आत नवी कोरी दहा नंबर. "सगळा बाजार हिंडलो. घ्या, आन् विसरा झालं गेलं."

इथं तरी गप बसावं का न्हाई मी? गोटी उजेडाला धरली आन् म्हणलं, "इवाई, ही बारा कोनी हाय. आपली सहा कोनी होती."

बायको चहा घेऊन तिथंच थबकली. इवाई उठले.

"अवो, चहा तरी..." मी म्हणलं.

"नको. ह्या घरचं पाणीबी नको आता."

एका गोटीपायी लेकीचं माहेर तोडायला निघालो होतो मी! मागं पळालो, हातापाया पडून स्टँडवर सोडतो म्हणलं, कसंबसं गाडीवर बसवलं. पैल्याच खड्ड्यात, खडखड!

"थांबवा," इवाई म्हणले. "काय वाजायलंय हे?"

"इंजिनाचं काम निघालं वाटतं. आठ-दहा दिवस झाले."

ते उतरले, बाजूचं झाकण ओढलं, बॅटरीपाशी हात घातला. बाहेर काढला तर तळहातावर दहा नंबर! बॅटरीचा बोल्ट आवळून मीच ती तिथं ठेवली होती आन् वरून झाकण लावलं होतं. सेट ताडकळसला गेला तोच एक गोटी कमी घेऊन, आन् मी तासभर व्याख्यान देताना खाचेकडं बघितलंच न्हाई!

इवायांनी काय करावं? गोटी उजेडाला धरली, एक डोळा मिटला, आन् अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं मोजलं, "एक... दोन... तीन... चार... पाच... सहा! तुमचीच हाय, इवाई!"

आन् असे हसले, असे हसले, की गाडीला धरून उभं राहावं लागलं त्यांना.

चहाला परत आले, पण एका अटीवर. सेट आता ताडकळसला असतो. मला लागला की मी मागून आणतो, आन् परत देताना त्यांच्यासमोर एकेक गोटी मोजून देतो. कोनांसकट!