डॉक्टर खऱ्यांचा स्वस्तातला पाना

अंबरनाथला आमचे शेजारी डॉक्टर खरे दर रविवारी एका पान्याला वजन टांगत. भिंतीतल्या बोल्टावर पान्याचं तोंड, दुसऱ्या टोकाला वाण्याकडचं शिक्क्याचं वजन. बोल्ट किती जोराने आवळला जातोय हे दाखवणारा काटा त्या पान्यावर होता. तो थांबे तिथे डॉक्टर चिकटपट्टी लावून खूण करीत, कारण छापील आकडे साफ खोटे होते. विलायती पाना परवडत नव्हता. हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका कारखान्यातला, स्वस्त नकली.

मोटारसायकल ते घरीच दुरुस्त करीत. पूर्वी हाताच्या अंदाजाने आवळत. असाच एक बोल्ट वाटेत तुटला आणि ते सोनिवलीला पोचले तेव्हा बाळंतीण गेली होती. त्यानंतर हा पाना आला.

मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. म्हणालो, "ही उघड लूट आहे. त्या कारखानदाराविरुद्ध लिहायला हवं."

"लिही की."

"आणि तुम्ही हाच खोटारडा पाना वापरणार?"

"अरे, तो रोज एकच खोटं बोलतो. तेवढ्यावर संसार होतो. रोज नवं बोलायला लागला, की काडीमोड!"

एकदा इंजिन उघडलेलं असताना पालेगावचा एक शेतकरी धावत आला. "बेगीन चला, डाक्तर! पोरीला झटके येतात!"

डॉक्टरांनी भराभर बोल्ट बसवले. शेवटचा आवळताना पाना निसटून फरशीवर आपटला. त्यांनी तो उचलला आणि सरळ भिंतीकडे गेले.

"आता वजन कसलं टांगताय?" मी ओरडलो. शेतकरी रडायच्या बेतात होता.

काटा खुणेच्या बराच अलीकडे थांबला. डॉक्टरांनी एकदाच मोटारसायकलीकडे पाहिलं.

"शेवटचा बोल्ट किती आवळला गेलाय, कळायचं नाही. हिच्यावर आता माझा भरवसा नाही. चला, पायी. तू बॅग घे."

ते चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. पोरगी तापाने फणफणली होती. सुई दिली, अंग पुसून काढलं, तेव्हा कुठे झटके थांबले. तिने पाणी मागितलं, तसा बाप तांब्या आणायला धावला.

परतताना मी विचारलं, "आता तरी तो पाना फेकणार ना?"

"फेकणार. उद्या कॅम्पात जाऊन तसलाच दुसरा आणू. तूही चल. कारखानदाराला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. तोवर मी त्याच्याच भिंतीशी नव्या पान्याला वजन टांगून बघतो."