काढून ठेवलेल्या स्प्रिंगा

गॅरेजवाल्याच्या घरात किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही. आमचे मागच्या पत्र्याखाली पडलेत, गंज खात! पेणजवळ गडब गावात, हायवेलगत आमचं गॅरेज. मिस्टर गाड्या खाली बसवून देतात. म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड घालायच्या. गाडी जमिनीजवळ येते, पोरं खूश! काढलेल्या स्प्रिंगांना मी तारेनं नावाची चिठ्ठी बांधून ठेवते, कारण बरेच जण परत येतात. "वयनी, आमच्या स्प्रिंगा हायत ना?"

त्या ढिगात एक चिठ्ठी सैफची होती. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा सैफ आमच्याकडून गाडी खाली करून घेऊन गल्फला नोकरीवर गेला आणि तिकडेच तापानं वारला. मागच्या आठवड्यात त्याच्या वडिलांचा, इब्राहिमचाचांचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले, गाडी पहिल्यासारखी उंच करायची आहे. मला वाटलं, त्यांनी येऊच नये. त्या पोराच्या हौसेचं तेवढंच तर राहिलं होतं.

*

खांब गावचा एक मुलगा आला होता. मिस्टर म्हणाले, "आखूड स्प्रिंगा घालू, पण शॉकअप पण बदलावे लागतील. चार दिवस थांब." त्याला कुठला धीर! कुठूनतरी मूळच्याच स्प्रिंगा गॅसकटरनं कापून घेतल्या. आठवड्यानं गाडी उड्या मारत आमच्या दारात. मागे आजोबा, कंबर धरून बसलेले.

"कसं वाटतं, आजोबा?" मिस्टरांनी विचारलं.

"बैलगाडी बरी व्हती. बैलाला तरी दया यायची!"

आम्ही हसलो. पण कापलेली स्प्रिंग काही परत वाढत नाही. आजोबा त्या गाडीत पुन्हा बसलेच नाहीत.

*

रोह्याचा एक नवरदेव. सजवलेली गाडी इतकी खाली, की वरात हॉलच्या चढावर अडकली. नवरी उतरली आणि गाडी सुटली! सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सून जड आणलीन गो!" मंडप हसला. नवरीनं मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात दोघं आमच्याकडे आले. नवरा म्हणाला, "जरा कडक स्प्रिंगा घाला, टेकायला नको." काम झाल्यावर ती मुलगी मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसली आणि मिस्टरांना म्हणाली, "आता बघा, टेकते का? आणि टेकली तर सांगू नका कुणाला."

तेव्हापासून मिस्टर प्रत्येकाला आधी विचारतात, "मागं कोण बसतं?"

*

पेणचा एक मूर्तिकार. हौसेनं गाडी खाली केली आणि त्यातूनच एका घरचा गणपती पोचवायला निघाला. मूर्ती आणि घरातली चार माणसं. स्पीडब्रेकरवर गाडी अशी आपटली की मूर्तीचा हात गेला.

"अरे, माणसं उतरवायची ना!" मी म्हटलं.

"उतरणार कोण, वयनी? सगळ्यांना बाप्पा मांडीवर हवा!"

हे सांगताना तोही हसला. मग तिथंच टायरवर बसून रडला.

तेव्हापासून मिस्टरांचा दुसरा प्रश्न ठरला, "घराआधी शेवटचा स्पीडब्रेकर कुठला? हातानं दाखव, केवढा?"

*

सैफला दोन्ही प्रश्न विचारले होते.

"मागं कुणी नाय बसत, उस्ताद. ब्रेकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाय. एवढा!" त्यानं बोटांनी उंची दाखवली.

"मग दीड इंचच खाली घेऊ. दोन घेतलीस तर घासेल."

"दोनच घ्या."

"अरे, रोज घासेल!"

"घासू दे की!"

मिस्टर चिडले. "ह्या पोरांना सांगून काय उपयोग नाय." सैफ नुसता हसत होता.

रविवारी चाचा आले. गाडीतून उतरताना दरवाजा धरून उठायला गेले आणि दोनदा परत सीटवर बसले. "गुडघे गेले, वयनी. ही गाडी मला उठू देत नाय." मी कंपनीच्या स्प्रिंगांची चिठ्ठी सोडली. आखूड निघाल्या, त्यांना तीच चिठ्ठी बांधून पत्र्याखाली ठेवली. गाडी उंच झाली. चाचा आरामात चढले आणि गेले.

मंगळवारी सकाळी पुन्हा दारात! मला वाटलं, काही बिघडलं.

"परत खाली करा," चाचा म्हणाले.

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांचं बघू. दोन दिवस मी दारात येऊन उभा राहतो, तरी सैफची आई आतच. गाडी आलेली तिला कळतच नाय. आधी ब्रेकरवर खर्रकन वाजलं की चहा टाकायची. सैफ इथं होता तेव्हापासून."

मी पत्र्याखालून चिठ्ठीच्या स्प्रिंगा आणल्या. मिस्टरांनी पाना उचलला. मग म्हणाले, "चाचा, दीड इंचाच्या पण हायत माझ्याकडे. तुम्हाला उतरायला सोपं जाईल."

"नको," चाचा म्हणाले. "घासली पायजे."