कातळाला पाजलेलं पाणी

लढाईच्या दिवसांत सुरुंगाची दारू मिळेना, आणि मुरबाडकडच्या आमच्या गावात अर्धी खणलेली विहीर काळ्या कातळावर येऊन अडली. नवरा म्हणाला, "लढाई सरल्याबिगर आता काय व्हायचं नाय." त्याला काय जातंय बोलायला! नदीच्या डोहातून हंडे वाहत होते मी.

आदल्या वर्षी भाताच्या रोपासाठी राब भाजताना, म्हणजे वाफ्यावर पालाफांद्या जाळताना, तिथला एक तापलेला दगड पाणी पडताच तडकला होता. ते माझ्या डोक्यात होतं. राबासाठी साठवलेल्या फांद्या नि गोवऱ्या मी विहिरीत टाकल्या, पेटवल्या आणि कातळ तापल्यावर वरून हंडा ओतला. फाडकन आवाज झाला. निखारे निवल्यावर पहार लावली, तर बोटभर जाडीच्या खपल्या सुटल्या.

सासू काठावरून ओरडली, "येडी झालीस काय गो? राब जालतेस, नि प्यायचं पानी दगडाला पाजतेस?"

"पाजते. फुटेपर्यंत पाजीन."

राबाला पाला मी पुन्हा तोडून आणला. नवरा आधी धुसफुसला, मग पहार घेऊन उतरू लागला. आग, पाणी, पहार. उन्हाळाभर आमचं तेच चाललं.

एका सकाळी मी हंडा घेऊन काठाशी आले, तर खाली नवऱ्याने पेटवलेली आग चरचरत होती आणि वाफ वर येत होती. कोणी काही ओतलं नव्हतं. कातळाच्या भेगेतून पाणी येऊन लाकडं विझवत होतं.

हंडा मी तसाच भरलेला घरी नेला आणि सासूपुढे ठेवला. म्हटलं, "घ्या. दगडाची तहान भागली."