म्हशीसमोर वाचलेला माझा लेख

दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढून देणारा तो गृहस्थ, बसण्यापूर्वी म्हशीच्या पाठीवर हलकी थाप मारीत असे. त्या संध्याकाळी म्हैस पान्हा चोरत होती, कासेत दूध असून सोडत नव्हती आणि खोळंबलेली गिऱ्हाइके एकेक करून शेजारच्या म्हशीकडे सरकत होती. हात ओले असल्याने त्याने फोन शेजारी बघत उभ्या असलेल्या माझ्याकडे दिला.

"पावणं, काय उपाय हाय बघा की. पयला निघंल त्यो लेख वाचा."

पहिला निघाला तो माझाच. शोधात वर यावा म्हणून मी त्यात मोठ्या निष्ठेने कीवर्ड पेरले होते. मी हळू आवाजात वाचू लागलो : 'म्हैस पान्हा चोरत असल्यास काय करावे, हा प्रश्न म्हैस पान्हा चोरत असल्यास अनेकांना पडतो.'

तो कास कुरवाळीत आदराने ऐकत राहिला. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत शेवटचे गिऱ्हाईकही गेले.

"उपाय आला व्हय?"

"अजून नाही," मी म्हणालो. तो पुढेही नव्हता, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

"ऱ्हाऊ द्या मग. हिनं ऐकलं तर आनखीन शिकंल."

माझ्या लेखनाचे इतके नेमके परीक्षण यापूर्वी कोणी केले नव्हते. मी फोन अदबीने परत केला. लेखक कोण, एवढे मात्र सांगितले नाही.