डॉलरला लावलेलं कुंकू

शाळेतून आलेला कागद इंग्रजीत होता. मुलीनं तो वाचून मला मराठीत सांगितला. दुबईला जायचं, सहा दिवस. शाळेच्या मुलांनी बनवलेल्या रोबोटची तिथं स्पर्धा आहे. जाण्यायेण्याचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च एक कंपनी करणार. शेवटच्या ओळीपाशी ती जरा थांबली. मग तिनं वाचलं, "हातखर्चाचे पैसे डॉलरमध्ये द्यावेत. पालकांच्या इच्छेप्रमाणे."

"म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुमची इच्छा असेल तेवढे."

"पण किती?"

"आई, लिहिलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

किती ते लिहिलं असतं तर सोपं होतं. जमले तर दिले असते, नाही जमले तर नाही म्हटलं असतं. इच्छेप्रमाणे म्हटल्यावर मला काही सुचेना. माझी इच्छा एवढीच होती की तिथं दुकानात सगळी पोरं काही घेत असतील तेव्हा हिनं बाजूला उभं राहू नये. त्याला किती लागतात ते मला कसं कळणार?

मुलगी आठवीत आहे. पहिलीला सोडतीत तिचं नाव निघालं आणि ताथवड्याच्या मोठ्या शाळेत तिला फुकट जागा मिळाली. तिच्या वर्गातली पोरं सुट्टीत विमानानं फिरतात. तिचे वडील चाकणला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये आहेत, कंपनीच्या बसनं जातात-येतात. मी पिंपळे गुरवला आमच्या घराजवळच्या खानावळीत पोळ्या लाटते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पालकांच्या सभेला मी जाते, पण शेवटच्या बाकावर बसते आणि बोलत नाही.

या सहलीच्या सभेलाही मुलीला घेऊन गेले; मुलांबरोबर जाणाऱ्या बाई माहिती देत होत्या. एका मुलाची आई म्हणाली, "दोनशे डॉलर पुरतील ना मॅडम, की तीनशे देऊ?" मला विचारायचं होतं, शंभर चालतील का. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात कुणीतरी हॉटेलच्या जेवणाचं विचारलं आणि सभा संपली.

घरी येताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाईंनी तुझ्याकडे बघून विचारलं, काही शंका आहे का. तू मान हलवलीस."

"कशी?"

"नाही अशी."

तिचे वडील म्हणाले, "पन्नास लई झाले. तिथं काय दुकान मांडायचंय का तिला?"

"बाकीचे दोनशे नेणारेत."

"बाकीच्यांचे बाप मॅनेजर हायेत. आपून काय मॅनेजर हाय का?"

शेवटी शंभर ठरले. पन्नास त्यांचे, पन्नास माझ्या पोळ्यांचे. चिंचवडला स्टेशनजवळ परदेशी पैसे देणारं दुकान आहे, तिथून ते मुलीचा पासपोर्ट दाखवून वीस वीसच्या पाच नोटा घेऊन आले.

आमच्या घरी नवीन वस्तू आली की आधी देवापुढं जाते. गाडी आली तेव्हा गाडीला, फ्रीज आला तेव्हा फ्रीजला, दर जूनमध्ये पुस्तकांना हळदकुंकू लागतं. पासपोर्ट आला तेव्हाही मी करंडा घेऊन बसले होते, पण तिच्या वडिलांनी हात धरला. "अगं याला नको! सरकारी हाय ते. विमानतळावर अडवून ठेवतील पोरीला." मी पासपोर्ट नुसता देवापुढं ठेवून उचलला.

नोटांच्या वेळी ते पहिल्या पाळीला गेले होते आणि मुलगी अंघोळीला. मी पाचही नोटा पाटावर मांडल्या. बोट ओलं करून हळद लावली, मग कुंकू. नोटेवरच्या माणसाच्या कपाळाला लावावं असं आधी वाटलं होतं, पण परका पुरुष, म्हणून कोपऱ्यात लावलं. वाळू दिलं. मग नोटा पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि वर तिचं नाव लिहिलं. बाईंनी पाकीट बंद करूनच द्यायला सांगितलं होतं. मुलीनं ते कमरेच्या पाऊचमध्ये ठेवलं. ती निघाली तेव्हा मला वाटलं, आपलं काम नीट झालं.

तिसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर भाभीकडे शिवणाचं मशीन मागायला गेले. भाभीचा नवरा आता पिंपरीत दुचाकीचं गॅरेज चालवतो, आधी नऊ वर्षं दुबईला होता. भाभी म्हणाली, "पोहोचली ना गं बच्ची? पैसे दिले का बरोबर?"

"दिले. देवापुढं ठेवून, हळदकुंकू लावून दिले."

"डॉलरला लावलंस?"

"हो."

"अगं बाई, ये क्या किया तूने!" आणि तिनं आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

तिचा नवरा टॉवेलला हात पुसत आला. ऐकून आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "ताई, डॉलरची नोट कोरी करकरीत लागते. पेनची रेघ असली तरी बदलणारा परत करतो. माझी एक नोट अशीच परत केली होती. महिनाभर खिशात घेऊन फिरलो."

"पुसून निघेल का?"

"हळद? कागदावरची?" तो म्हणाला.

मशीन तिथंच विसरून मी खाली आले. त्या दुपारी खानावळीत माझ्या पोळ्या करपल्या. जेवायला बसलेला एक मुलगा ओरडला, "मावशी, आज पापड आहेत का?" सगळे हसले. मी तवा उतरवून ठेवला, परत चढवला.

मुलांना फोन न्यायला बंदी होती, म्हणून बाई रोज पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकत होत्या. मी ते बोटांनी मोठे करून बघायला लागले. तोंड नाही, हात बघत होते. मॉलमधला फोटो होता. एकाच्या हातात पिशवी, दोघींच्या हातात आइस्क्रीम, एकानं नवीन टोपी घातलेली. माझी मुलगी कडेला होती. तिचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते.

चारला तिचे वडील पाळीवरून आले. मी फोटो दाखवला.

"चांगली दिसतीय की."

"हात बघा."

"काय झालं हाताला?"

मी सगळं सांगितलं. ते चप्पल न काढता तसेच बसले. मग म्हणाले, "उपाशी तर न्हाई ना? जेवण कंपनीचं हाय."

"उपाशी नाही."

"मग?"

मी पाण्याचा हंडा रिकामा करून घासला. तो सकाळीच घासलेला होता.

बाईंना कळवायला हवं होतं. ग्रुपवर लिहिलं तर सगळ्या आयाबापांनी वाचलं असतं की हिनं डॉलरला कुंकू लावलं. ग्रुपमध्ये बाईंच्या नावावर बोट दाबलं की त्यांना एकटीला निरोप जातो, हे मुलीनं मला एकदा दाखवलं होतं. त्याचा उपयोग मी कधी केला नव्हता. हात जोडल्याचं चित्र सोडून मी त्यांना काहीच पाठवलेलं नव्हतं, तेही दिवाळीला. लिहायला घेतलं तर 'बाई' लिहू की 'मॅडम' इथंच अडले. लिहिलं, खोडलं. मग बोलून पाठवायचं ठरवलं. पहिल्यांदा बोट आधीच सुटलं आणि नुसती कुकरची शिट्टी गेली. ती परत घ्यायची कशी ते येईना. म्हणून घाईघाईनं दुसऱ्यांदा बटण दाबून धरलं आणि मुलीचं नाव सांगून बोलले.

"बाई, मी तिची आई. माझ्या हातून चूक झाली. मी नोटांना हळदकुंकू लावलं. ती पोरगी तुम्हाला सांगणार नाही. तिच्याकडून कुणी नोटा घेत नसतील तर तुम्ही बघा. तिला सगळ्यांसमोर विचारू नका."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दोन निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "बघते."

एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढचे तीन दिवस काढले. रागानं लिहिलं असेल का? की घाईत? की मुलांना घेऊन रस्ता ओलांडताना? नंतरच्या फोटोंत मुलगी कधी मागं होती, कधी कुणाच्या तरी आड. हात दिसत नव्हते.

सहलीची बस दुपारी शाळेपाशी आली. मुलगी उतरली, बॅग माझ्याकडे दिली, मैत्रिणींना टाटा केला. रिक्षात ती वाळवंटाबद्दल बोलली, रोबोटचं चाक कसं अडकलं ते सांगितलं, पाचवा नंबर आला म्हणाली. पैशांचं काही बोलली नाही. घरी आल्यावर मी ताट वाढलं. तिनं दोन घास खाल्ले तेव्हा विचारलं.

"नोटा परत दिल्या का गं कुणी?"

"हं." ती भात कालवत राहिली. "मॉलमध्ये पैसे बदलायचं काउंटर होतं. सगळ्यांनी रांगेत उभं राहून आपापले बदलायचे, असं बाई म्हणाल्या. माझी पाळी आली. त्या माणसानं नोटा बघितल्या आणि काचेखालून परत सरकवल्या. डर्टी म्हणाला."

"मागं कोण होतं?"

"सगळे."

"मग?"

"मग काय? एकानं विचारलं, ते लाल काय आहे. मी म्हटलं माहीत नाही. मला काही घ्यायचंच नव्हतं, असं सांगितलं."

"असं किती दिवस?"

"दीड. मग बाई खोलीवर आल्या. त्यांनी त्या नोटा घेतल्या आणि त्यांच्याकडच्या दिल्या. इथल्या त्यांच्या बँकेत चालतील म्हणाल्या." तिनं ताटातून वर बघितलं. "तू कशाला सांगितलंस त्यांना? मी केलं असतं काहीतरी."

"काय केलं असतंस?"

तिनं एक घास घेतला. मग म्हणाली, "काही नाही."

तिचे वडील आले तेव्हा तिनं बॅग उपसली. एक पाठीवरची पिशवी, चमचमणारी पेनं, चॉकलेटचे रिकामे कागद, उंच पाळण्यावर बसताना काढलेला एक फोटो. फोटोत ती दोन मैत्रिणींच्या मध्ये आहे, तिघींची तोंडं उघडी, केस उडालेले, हात वर.

"आन आम्हाला?" वडिलांनी विचारलं.

"संपले."

"समदे?"

"सगळे. फोटोलाच किती घेतले माहीत आहे?"

ते हसायला लागले. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं. तिनं आमचा विचार करून चार नोटा परत आणल्या असत्या तर मला ते बघवलं नसतं.

फोटो तिनं कपाटाच्या दारावर लावला. येताजाता मी तो बघते. एकदा विचारलं, "हा कधीचा?"

"शेवटच्या दिवसाचा."

"तू मॉलमध्ये कडेला उभी होतीस त्याच्या नंतरचा?"

"आई, झालं ना आता ते!"

तिचं झालं असेल. मी मात्र पोळी लाटता लाटता अजून त्या रांगेत जाऊन उभी राहते. काचेखालून नोटा परत येतात, मागून कुणीतरी विचारतं, ते लाल काय आहे, आणि ती म्हणते, माहीत नाही.