नाव घातलेलं ताट

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे. आक्काला किती ठाऊक आहे, ते शेवटी येईल — आधीच सांगितलं तर पुढचं माझ्याच्यानं लिहून होणार नाही.

मी बी.ए., बी.एड. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी चारचौघांत ताठ मानेनं सांगते. निपाणीत आई तंबाखूच्या वखारीत जायची. आक्का, म्हणजे सुमन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आठवीतून शाळा सोडून विड्या वळायला बसली. मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायचे. "मोठ्यानं वाच गं, मलाबी कळू दे," म्हणायची. पुढं मला बेळगावात मराठी शाळेत नोकरी लागली, तिथंच पिरनवाडीत घर झालं. तिकडं आक्काचं लग्न झालं, दाजी आजारानं गेले, मग तिची तपासणी झाली. तिलाही एचआयव्ही निघाला.

निपाणीत ओळखीचं कोणीतरी बघेल म्हणून ती गोळ्या न्यायला बेळगावला यायची. महिन्यातून एकदा. दुपारी माझ्याकडं जेवायची आणि चारच्या बसनं परत. सासरी तिला अंगणात पत्रावळीवर वाढत होते. हे तिनं मला एकदाच सांगितलं. ती रडली नाही. मी रडले. लई रडले. आणि त्याच आठवड्यात —

थांबते जरा. पण हेच लिहायला बसले आहे ना?

शाळेत आरोग्याचा तास माझ्याकडं आहे. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हा आजार होत नाही — हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलांकडून दोनदा म्हणून घेते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

त्या आठवड्यात मी भांड्यांच्या दुकानात गेले. एक ताट, एक वाटी, एक पेला घेतला. नाव घालायच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "यजमानांचं नाव सांगा, मॅडम." मी म्हटलं, "सुमन." "नुसतं सुमन? पुढं काय न्हाय?" "न्हाय." मशीन टर्रर् करून थांबलं. नाव कशाला घातलं? ताट आमच्या ताटांत मिसळू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

आणि ते मी तिला दिवाळीची भेट म्हणून दिलं.

आमच्याकडं भांड्यावर बापाचं नाव असतं, नाहीतर नवऱ्याचं. आक्कानं काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्ये माझं? माझंच नाव?" मग म्हणाली, "शिकल्याली माणसं येगळीच असत्यात बघ." ताट तिनं घरी नेलं नाही. सासरी कोण ठेवणार म्हणून माझ्याकडंच राहू दे म्हणाली. मला तेच हवं होतं. मी ते वरच्या फळीवर ठेवलं. ती बसला गेली की मी त्यावर उकळतं पाणी ओतायचे. घासणीही वेगळी होती. नवऱ्यानं एकदा बघितलं. "अगं, तूच शिकवतीस की पोरांस्नी?" म्हणाला. मी पाणी ओतत राहिले. घरात मला कुणी भाग पाडलं नव्हतं. सासूबाई असत्या तर त्यांच्यावर ढकललं असतं.

आक्का गोळ्या न्यायला यायची, तिथं तिच्यासारख्याच बायकांचा एक गट होता; दोन वर्षांपूर्वी त्या गटात एक चित्रकार बाई यायला लागल्या. त्यांनी सांगितलं, घरातली एक वस्तू आणा, ती प्लायवूडच्या फळीवर बसवा आणि भोवती तुमचं चित्र रंगवा. एकीनं दाराची कडी आणली, एकीनं फाटकी लग्नपत्रिका. आक्काचा फोन आला, "माझं ताट न्हेऊ का गं?" काय म्हणणार होते मी?

प्रदर्शनाच्या दिवशी मी हॉलमध्ये गेले, तर प्लायवूडच्या मधोमध ते ताट, काठावर सुमन. भोवती आम्ही सगळे. आई, माझा नवरा, माझी मुलगी, मी. बोटं थोडी जाड आली होती, पण माणसं ओळखू येत होती. आणि सगळ्यांचे हात त्या एकाच ताटात.

आक्का फळीशेजारी उभी राहिली. तिनं आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. "माझं नाव सुमन. मला एचआयव्ही हाय. सासरी मला पत्रावळीवर वाढलं. माझ्या बहिणीनं माझ्या नावाचं ताट केलं." एवढंच बोलली. टाळ्या थांबेनात. मला पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. मी दहा मिनिटं बोलले — शिक्षणानं माणूस कसा बदलतो यावर. खरं सांगितलं असतं तर तिचं चित्र मोडलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. पण त्या वेळी माझ्या मनात चित्र नव्हतं. शाल होती.

ताट त्या फळीवरच राहिलं, गावोगाव जायला लागलं. पुढच्या महिन्यात आक्का जेवायला आली. मी मांडणीपुढं उभी राहिले. आमची सहा ताटं. हात पुढं झाला नाही. मुलीच्या वाढदिवसाच्या कागदी प्लेटा उरल्या होत्या, त्यातली एक काढली. म्हटलं, "आज भांडी घासायला पाणी न्हाय गं."

मागं मोरीत नळ चालू होता. बादली भरून वाहत होती.

आक्कानं बादलीकडं बघितलं. मग मांडणीकडं. मग वरच्या फळीकडं, जिथं आता काही नव्हतं. जेवली. आमटी चांगली झाली म्हणाली. प्लेट घडी घालून स्वतःच कचऱ्यात टाकली, हात धुतले, आणि नळ बंद केला.

तेव्हापासून ती गोळ्या घेऊन थेट बस धरते. मी विचारलेलं नाही. तिनं सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात ते चित्र निपाणीत लागलं. ज्या गावापासून ती लपत होती, तिथंच. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. वखारीतल्या ओळखीच्या एका बाईनं विचारलं, "ताट कुणी दिलंतं गं सुमे?"

"माझ्या भैनीनं," आक्का म्हणाली. आवाज तसाच होता, पहिल्यांदा माईक धरला त्या दिवसासारखा. "ती बघ की, तिथं हुबी हाय."

सगळ्या बायका वळल्या.

मी हात जोडले.